कानला जाण्याआधी कानाला खडा

मे महिन्यात आपल्याकडे शाळांना सुट्टी असते आणि नेमका त्याच महिन्यात फ्रान्समधल्या कान शहरात फिल्म फेस्टिव्हल असतो. युरोप टूर आखणाऱ्या कुटुंबाच्या गळ्यात मग एक जादा पॅकेज मारलं जातं: 'कान, एक दिवस, रेड कार्पेट एंट्रीसह, चौघांसाठी'. पैसे भरले की व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते. वर सोनेरी पामची फांदी, मध्ये आडनावाचं चुकलेलं स्पेलिंग, खाली क्यूआर कोड. काही दिवसांनी 'बॅज व्हेरिफिकेशन'च्या नावाखाली आणखी एक हप्ता मागितला जातो. ही पीडीएफ खरी की खोटी हे कळतं ते फेस्टिव्हलच्या मुख्य इमारतीच्या, म्हणजे पॅले दे फेस्टिव्हालच्या बॅरिकेडपाशी. तिथे कोड स्कॅन होत नाही आणि पैठणी-सूट घातलेलं कुटुंब बाजूला उभं राहतं.

मुळात फेस्टिव्हल आपल्या मुख्य खेळांची तिकिटं सर्वसामान्य लोकांना विकतच नाही. प्रवेश असतो तो मुख्यतः सिनेमा व्यवसायातल्या आणि पत्रकारितेतल्या मान्यताप्राप्त लोकांना. त्यांचं तिकीट फुकट असतं, ते त्यांच्याच ऑनलाइन खात्यातून काढलेलं आणि त्यांच्याच नावाचं असतं. गाला म्हणजे रेड कार्पेटवाल्या मानाच्या खेळांची निमंत्रणं चित्रपटाची टीम, प्रायोजक अशा वाटांनी फिरतात, पण ती विकायला मनाई आहे. पॅलेबाहेर टक्सीडो घालून, हातात 'निमंत्रण द्या हो' अशी फ्रेंच पाटी धरून उभे असलेले लोक दरवर्षी दिसतात. इतक्या लांबून चौघांची सोय करून देणाऱ्याला एवढं जमत असतं, तर त्या पाट्या कशाला दिसल्या असत्या?

तारखाही तपासा. अधिकृत निवड एप्रिलमध्ये जाहीर होते, कोणता सिनेमा कोणत्या संध्याकाळी हे त्यानंतर ठरतं. जानेवारीत कोणी ठरावीक सिनेमाच्या प्रीमियरची चार 'कन्फर्म' तिकिटं देत असेल, तर तिथेच फोन ठेवावा.

दुसरा प्रकार पालकांना हळवं करणारा. 'तुमच्या मुलाची शॉर्ट फिल्म कानला निवडली गेली, प्रमाणपत्र आणि रेड कार्पेटसाठी एवढे भरा.' कान हे शहराचं नाव आहे. ते नावात घालून प्रवेश फी घेणाऱ्या, भरपूर बक्षिसं वाटणाऱ्या स्पर्धा बऱ्याच आहेत, त्यांचा मूळ फेस्टिव्हलशी संबंध नसतो. शिवाय फेस्टिव्हलला जोडूनच फिल्म मार्केट भरतं, तिथे पैसे भरून खेळ लावता येतो. महाराष्ट्र शासनानेही २०१६पासून या मार्केटमध्ये मराठी चित्रपट पाठवले आहेत. त्यात गैर काहीच नाही, पण मार्केटमध्ये दाखवणं वेगळं आणि निवड होणं वेगळं. निवडीची यादी अधिकृत संकेतस्थळावर असते. तिथे नाव नसेल तर निवड नाही.

राहण्याच्या जागेतही हात धुऊन घेतले जातात. 'क्रोझेटपासून (समुद्रालगतच्या मुख्य रस्त्यापासून) पाच मिनिटं' म्हणून दाखवलेला फ्लॅट प्रत्यक्षात टेकडीवरच्या ल कॅनेत निघतो, आणि ते गावच वेगळं आहे. कधी फ्लॅट अस्तित्वातच नसतो, फोटो दुसऱ्या जाहिरातीतून उचललेले असतात. बुकिंग साइट सोडून थेट बँकेत पैसे पाठवा म्हटलं की समजून जावं. मुक्काम नीसला केला तर नीस-व्हिल स्टेशनवरून कान लोकल गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. परतीची शेवटची गाडी मात्र आधीच बघून ठेवा.

कुटुंबाला जे खरंच मिळू शकतं, ते फुकट आहे. मासे बीचवर 'सिनेमा द ला प्लाज' नावाचे खुले खेळ होतात, तिकीट नाही. मेमध्ये तिथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सिनेमा रात्री साडेनऊच्या आसपास सुरू होतो. रांगेत लवकर लागा, मुलांसाठी शाल ठेवा, वारा झोंबतो. तिकीट काढूनच बघायचं असेल तर डायरेक्टर्स फोर्टनाइट हा समांतर विभाग सर्वसामान्यांनाही तिकिटं विकतो, ती त्यांच्याकडूनच घ्या.

पॅलेच्या लाल पायऱ्या (२४ आहेत) समोरच्या बॅरिकेडमागून कोणालाही बघता येतात. 'व्ह्यूइंग स्पॉट' म्हणून जागा विकणाऱ्याला एक युरोही देऊ नका. पण स्पष्टच सांगायचं तर मुलांना तिथून पाठीच दिसतात. हौशी चाहते आधीपासून आपल्या घडीच्या शिड्या कठड्याला साखळीने बांधून जागा धरतात. त्यापेक्षा जुन्या बंदरातून सेंट मार्गरीट बेटावर पंधरा मिनिटांत जाणारी बोट मुलांना जास्त आवडेल. पायऱ्यांवर फोटो हवाच असेल तर फेस्टिव्हल नसताना जा, तेव्हा कोणीही चढतं.

पैसे देतानाची एक खूण: परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याला टीसीएस (विक्रेत्याने गोळा करून सरकारकडे भरायचा आयकर) घ्यावा लागतो आणि तो तुमच्या पॅनवर आयकर खात्याच्या नोंदीत दिसतो. 'टीसीएस वाचवून देतो, माझ्या खात्यावर जीपे करा' म्हणणाऱ्याकडे पावती मागून बघा. क्रेडिट कार्डाने भरले असतील तर बँकेकडे डिस्प्यूट टाकता येतो, यूपीआयने गेलेले पैसे परत मिळवणं अवघड.

फसवणूक लक्षात आल्यावर एजंटला फोन करून भांडू नका. तो आधी 'डिलीट फॉर एव्हरीवन' करतो. चॅटचे स्क्रीनशॉट, पीडीएफ, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आधी जपून ठेवा, मग लगेच १९३० वर कळवा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कराल, तितकी समोरच्या खात्यातले पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.