दुपारच्या डुलकीचे सत्तर रुपये

बाणेर रस्त्यावरच्या ज्या इमारतीत आमचे करसल्लागाराचे कार्यालय आहे, तिच्याच दुसऱ्या मजल्यावर गेल्या पावसाळ्यात एक विश्रांतिकक्ष सुरू झाला. पैसे भरून दुपारी घटकाभर झोपण्याची ही सोय आहे. वीस मिनिटांना सत्तर रुपये, पंचेचाळीस मिनिटांना एकशे चाळीस आणि रोज वीस मिनिटांचा महिन्याचा पास बाराशे रुपयांना मिळतो. पहिले पंधरा दिवस दर वेळी पैसे भरून आणि त्यानंतर सलग तीन महिने पास काढून मी तेथे झोपले आहे, तेव्हा चार शब्द लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आहे असे मी समजते. कक्षाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि चालवणारी मंडळी या धंद्यात नवखी आहेत.

आमच्याकडे एक वाजता डबे उघडतात आणि सव्वादोनच्या सुमारास माझ्यासमोरच्या बिलांवरचे आकडे एकमेकांत मिसळू लागतात. एकच ओळ तीनदा वाचावी लागते, मान पुढे कलते आणि दचकून सावरते. टेबलावर डोके टेकवायला कोणाची बंदी नाही, परंतु टेकवले की येणारा-जाणारा प्रत्येक जण ‘बरं वाटत नाही का?’ असे विचारतो, आणि मग झोप येत असूनही डोके दुखत असल्याचे सांगावे लागते. पुण्यातली दुकाने एक ते चार बंद असतात यावरून आम्हाला गावोगाव हिणवले जाते. पण ती चैन गल्ल्यावर बसणाऱ्या मालकाची होती, पगारी माणसाच्या वाट्याला ती कधीच आली नाही.

या झोपेचे खापर आपण जेवणावर फोडतो. जेवल्यावर रक्त पोटाकडे धावते आणि मेंदूला कमी पडते, हे लहानपणापासून ऐकलेले स्पष्टीकरण फारसे खरे नाही, कारण मेंदूचा रक्तपुरवठा शरीर सहजासहजी घटू देत नाही. दुपारी जागरूकता मंदावणे हा शरीराच्या दिवसभराच्या घड्याळाचाच एक भाग आहे, आणि जेवण टाळले तरी ती थोडीफार मंदावतेच. भरपेट आणि पिष्टमय जेवणाने ही मंदी अधिक गडद होते, एवढेच. माझ्यापुरते सांगायचे तर सर्वांत अनावर झोप मला एकादशीला येते, कारण उपवासाच्या नावाखाली खाल्लेल्या वाटीभर खिचडीतला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टच असतो. आदल्या रात्रीची झोप अपुरी असली तर काही विचारायलाच नको.

कक्ष लहान आहे. पादत्राणे बाहेर काढायची, मोबाइल एका कप्प्यात ठेवून किल्ली घ्यायची आणि आत जायचे. मधोमध जाड पडदा लावून पुरुषांची आणि स्त्रियांची बाजू वेगळी केली आहे. आमच्या बाजूला पाच आरामखुर्च्या आहेत. खुर्ची मागे कलते, पायाखाली पाट वर येतो, पण ती पूर्ण आडवी होत नाही. अंगावर घ्यायला सुती चादर देतात आणि ती रोज धुतलेली असते, हे आवर्जून सांगायला हवे. उशाच्या कापडाबाबत तसे म्हणता येणार नाही. पहिल्याच आठवड्यात माझ्या खुर्चीच्या उशावर आधीच्या व्यक्तीच्या खोबरेल तेलाचा वाटीएवढा गोल डाग होता. सांगितल्यावर कापड बदलले गेले. आता मी घरून रुमाल नेते. खुर्च्यांचे रेक्झिन मानेला चिकटते, आणि वातानुकूलन असे लावलेले असते की दाराजवळच्या दोन खुर्च्यांवर चादर घेऊनही पाय गार पडतात. भिंतीकडची शेवटची खुर्ची मिळाली तर घ्यावी. पडद्यापलीकडचे घोरणे मात्र कोणत्याही खुर्चीवरून सारखेच ऐकू येते.

जाहिरातीत ‘वामकुक्षी’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापला आहे. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर पडणे, आणि या खुर्च्यांवर कुशीवर वळायला वावच नाही. पण हे मी दोषांत धरणार नाही. चरकसंहितेत उन्हाळा आणि काही ठरावीक व्यक्तींचा अपवाद सोडता दिवसा झोपणे वर्ज्य सांगितले आहे, मात्र बसल्या बसल्या काढलेल्या डुलकीला त्या दोषांतून वगळलेले आहे. आमच्या आजीला चरक ठाऊक नसावेत, तरी दुपारी अंथरूण घालायला तिचा सक्त विरोध असे आणि खांबाला टेकून डोळे मिटायला नसे. त्या हिशेबाने खुर्ची अर्धवट कललेली आहे हेच बरे.

कक्षाच्या भिंतीवर ‘नासाने सांगितलेली २६ मिनिटे’ असा फलकही आहे. तो चुकीचा आहे. नासाच्या ज्या पाहणीतून हा आकडा आला, तिच्यात लांब पल्ल्याच्या विमानांतील वैमानिकांना आळीपाळीने आपल्याच आसनावर ४० मिनिटांची विश्रांती दिली होती, आणि त्या ४० मिनिटांत त्यांना सरासरी २६ मिनिटे झोप लागली. म्हणजे २६ हे त्यांच्या झोपेचे मोजमाप होते, कोणी लिहून दिलेले औषधाचे प्रमाण नव्हे. व्यवस्थापकांना मी हे समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, फलक तसाच आहे.

आता मुख्य गोष्ट. झोप काय, बसमध्ये दांडीला धरून उभ्यानेही लागते. तिच्यासाठी सत्तर रुपये मोजण्याचे कारण नाही. येथे पैसे वसूल होतात ते उठवण्यात. स्त्रियांच्या बाजूला एक मावशी असतात. आपण आत जाताना त्या पाटीवर खडूने वेळ लिहितात, वीस मिनिटे भरली की खुर्चीच्या पायथ्याशी येऊन चादरीवरून पायाच्या अंगठ्याला दोन बोटांनी धरतात आणि शेजारणीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणतात, ‘ताई, झाली वेळ.’ डोळे उघडले तरी त्या जात नाहीत. आपण पाय खाली घेऊन बसेपर्यंत तेथेच उभ्या राहतात. ‘पाच मिनिटं अजून’ असे एकदा मी म्हणून पाहिले, तर उत्तर आले, ‘वर जाऊन माझ्याच नावानं बोटं मोडाल. उठा.’ मोबाइलचा गजर बंद करता येतो, मावशी बंद करता येत नाहीत, आणि उठवणारे कोणी आहे या भरवशावर झोपही लवकर लागते, असा माझा तरी अनुभव आहे.

वीस मिनिटांवर न थांबल्याचा फटकाही मला बसला आहे. महिन्याची २० तारीख ही आमच्या अशिलांचे जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याची अखेरची तारीख असते, आणि १९ तारखेला, रात्रीच्या जागरणानंतर, मी लोभाने पंचेचाळीस मिनिटांचा पर्याय घेतला. फलकावर त्याला ‘संपूर्ण विश्रांती’ म्हटले आहे. प्रत्यक्षात झोप लागल्यापासून साधारण अर्ध्या तासात माणूस गाढ झोपेत उतरू लागतो आणि झोपेचे एक आवर्तन पुरे व्हायला सुमारे दीड तास लागतो; म्हणजे पंचेचाळीस मिनिटांना उठवणे हे विहिरीच्या तळाशी गेलेल्याला शेंडीला धरून वर ओढण्यासारखे आहे. मी उठले तेव्हा दुपार आहे की सकाळ हे क्षणभर कळेना. त्याच गुंगीत जागेवर येऊन एका अशिलाच्या इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीत, एक शून्य जास्त टाकले. सादर करण्यापूर्वी साहेबांनी पाहिले म्हणून निभावले. ते काही बोलले नाहीत, फक्त त्या शून्याभोवती पेन्सिलीने गोल काढून कागद माझ्यापुढे ठेवला. विश्रांतिकक्षाने हा पर्याय बंद करावा, किंवा निदान त्याच्याखाली हा धोका लिहावा, असे मी अभिप्रायाच्या वहीत नोंदवले आहे.

दुसरी सूचना कॉफीची. बाहेर पडताना दाराशी कॉफीचे यंत्र आहे आणि तीस रुपयांत बरी कॉफी मिळते, पण ती चुकीच्या टोकाला ठेवली आहे. कॅफीनचा अंमल जाणवायला वीस ते तीस मिनिटे लागतात. कॉफी आधी पिऊन लगेच आडवे झाले, तर मावशी अंगठ्याला हात लावतात त्याच सुमारास ती काम करू लागते. मी आता जातानाच कॉफी घेते, आणि रांगेतल्या बायका माझ्याकडे विचित्र नजरेने पाहतात. ज्यांना संध्याकाळच्या कॉफीने रात्री जागरण होते, त्यांनी या भानगडीत पडू नये. कक्ष सहापर्यंत उघडा असतो, पण चारनंतर झोपून रात्रीची झोप घालवण्यात मला तरी शहाणपणा दिसत नाही.

दराबद्दल दुमत होईल. बंगळुरूच्या वेकफिट कंपनीने २०२२ साली आपल्या कर्मचाऱ्यांना दुपारी दोन ते अडीच झोपण्याची अधिकृत मुभा दिली. गाद्या विकणाऱ्या कंपनीला ते शोभूनही दिसले. आमच्यासारख्या पाच माणसांच्या कार्यालयात कोणी खोली देणार नाही, हे धरून चालावे लागते. महिन्याला कामाचे बावीस दिवस धरले तर पासाने एक डुलकी साधारण पंचावन्न रुपयांना पडते, परंतु अडीचच्या आधी गर्दी असल्यामुळे आठवड्यातून एखादा दिवस रांगेतच निघून जातो आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत. ज्यांचे कार्यालय याच इमारतीत आहे त्यांनी पास घ्यावा. रस्ता ओलांडून यायचे असेल, तर येण्याजाण्यातच मधली सुट्टी संपेल आणि उन्हात झोपही उडेल.

अडीचनंतर पोहोचलात तर भिंतीकडची खुर्ची मिळण्याची शक्यता असते. वीस मिनिटेच घ्या, रुमाल बरोबर न्या, आणि मावशी कामावर आहेत का हे आधी विचारा. त्यांची सुट्टी बुधवारी असते. त्या दिवशी मनगटात थरथरणारा पट्टा देतात, जो मी दोनदा झोपेतच काढून ठेवल्याचे नंतर लक्षात आले. बुधवारी मी हल्ली खाली जातच नाही; जागेवर बसून डोके टेबलावर टेकवते आणि डोके दुखत असल्याचे सांगते.