पूलचा १२ व्होल्टचा दिवा: दिवा चांगला आहे, डबा तपासून घ्या

फार्महाऊसच्या किंवा बंगल्याच्या स्विमिंग पूलसाठी जो तयार दिव्यांचा संच मिळतो, त्यात साधारण चार वस्तू असतात. पार-५६ मापाचा गोल एलईडी दिवा, तो भिंतीत बसवायची निश (खोलगट खोबण), १२ व्होल्ट पुरवणारा एक डबा आणि दिवा रंगीत असेल तर रिमोट. लोणावळा, कर्जत, अलिबाग कुठेही पाहा, कंत्राटदार कमीअधिक हाच संच लावतो. गिऱ्हाईक दिव्याचा उजेड, रंग आणि वॉरंटी बघतं. आमचं मत असं की या संचात पारखून घ्यायची वस्तू एकच, ती म्हणजे डबा. पाण्यातल्या माणसाच्या आणि २३० व्होल्टच्या मध्ये तोच उभा असतो.

दिव्याबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. जुन्या ३०० वॅटच्या हॅलोजनच्या जागी १८ ते ३५ वॅटचा एलईडी आला, उष्णता कमी झाली, काच तडकण्याचे प्रकार कमी झाले. घेताना आतला भाग पूर्ण रेझिनने भरलेला घ्या. नुसत्या रबरी रिंगवर आणि स्क्रूवर पाणी अडवणारा दिवा दोन-तीन पावसाळ्यांत आतून धुरकट होतो. खोक्यावर आयपी६८ (कायम पाण्याखाली चालण्याची खूण) हवं आणि सोबत किती मीटर खोलीसाठी तेही हवं. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. निशच्या आत केबलचं दीड मीटरभर वेटोळं ठेवायला सांगा, म्हणजे पुढे दिवा काढून वर डेकवर आणता येतो आणि पूल रिकामा करावा लागत नाही.

आता डबा. बाजारात तो दोन प्रकारांत येतो.

पहिला म्हणजे जाळीदार पत्र्याचा एसएमपीएस (इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय), जो एलईडी पट्ट्यांसाठी आणि साइनबोर्डसाठी विकला जातो. स्वस्त संचांत हाच असतो. त्याच्या एका टोकाला स्क्रूंची ओळ असते आणि त्या एकाच ओळीत फेज, न्यूट्रल, अर्थ आणि शेजारीच १२ व्होल्टचे प्लस-मायनस. म्हणजे २३० आणि १२ यांच्यात प्लॅस्टिकची एक पातळ भिंत, एवढंच अंतर. पंपरूममध्ये ॲसिडचे कॅन आणि क्लोरिनचे डबे ठेवलेले असतात, त्यांच्या वाफेने या स्क्रूंवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटं चढतात, आणि दमट हवेत ती पुटं वीज वाहून नेतात. वरून जाळीतून धूळ, पाली, मुंग्या आत. दुकानात कोरड्या हवेत हा डबा उत्तम चालतो. पूलसाठी तो बनलेलाच नाही.

दुसरा प्रकार म्हणजे गुंडाळीचा, रेझिन ओतून बंद केलेला सेफ्टी आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर. जड असतो, महाग असतो आणि हाच घ्यावा. याच्या पाटीवर ६१५५८-२-६ हा आकडा शोधा. सुरक्षा ट्रान्सफॉर्मरचं आंतरराष्ट्रीय मानक ते हेच. बंद पेटीचा इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हर घ्यायचा असेल तर त्याच्या पाटीवर ‘एसईएलव्ही’ (२३० पासून पूर्ण वेगळा केलेला कमी व्होल्टेज) ही अक्षरं आणि ६१३४७-२-१३ किंवा ६१५५८-२-१६ हवं. पाटीवर यातलं काहीच नसेल, तर दुकानदार ‘बारा व्होल्टच आहे हो, काही होत नाही’ म्हणाला तरी घेऊ नका. बारा व्होल्ट ही झाली बाहेर येणारी पातळी. आतलं इन्सुलेशन फुटलं की त्याच दोन तारांवर २३० व्होल्ट येऊ शकतात, आणि त्या तारा थेट पाण्यात गेलेल्या असतात.

पाटीवर विश्वास नसेल तर वायरमनकडून दोन मिनिटांत तपासता येतं. डबा सगळ्या तारांपासून सुटा करा. मल्टिमीटरने इनपुट आणि आउटपुट यांच्यात कंटिन्युइटी पाहा: काहीही दिसता कामा नये. काही ओहम दिसले तर तो ऑटो-ट्रान्सफॉर्मर आहे, म्हणजे दोन्ही बाजू एकाच गुंडाळीच्या. पूलसाठी साफ निकामी. मग आउटपुट आणि अर्थ यांच्यात पाहा, तिथेही काही दिसता कामा नये. शेवटी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) इनपुट-आउटपुटमध्ये मोजा. नवा, चांगला ट्रान्सफॉर्मर शेकड्यांत मेगओहम दाखवतो. हे दुकानातच करून मागा.

एक चूक चांगले वायरमनही ‘सुरक्षिततेसाठी’ म्हणून करतात: १२ व्होल्टची एक तार अर्थला जोडतात. असं करू नका. ही बाजू जमिनीपासून तुटलेली असते यातच तिची सुरक्षा आहे. ती अर्थला बांधली की दुसरीकडच्या बिघाडाचा अर्थवर चढलेला व्होल्टेज त्या तारेवाटे दिव्यापर्यंत पोचतो. त्याच कारणाने १२ व्होल्टच्या तारा २३० व्होल्टच्या तारांबरोबर एका पाइपातून ओढू नयेत.

डीसी की एसी, याचं उत्तर सोपं आहे. पाण्याच्या आत आणि काठाशी एसी असेल तर १२ व्होल्टपर्यंत, डीसी असेल तर ३० व्होल्टपर्यंत चालतो; म्हणून २४ व्होल्ट डीसीचा संच नियमात बसतो, २४ व्होल्ट एसीचा बसत नाही. डीसी दिव्यात पाणी शिरलं तर प्लसकडचा धातू झपाट्याने खाल्ला जातो, तेवढं ध्यानात ठेवा.

डबा कुठे लावायचा? आंतरराष्ट्रीय वायरिंग मानकात पूलभोवती तीन विभाग धरले आहेत. पाण्याची टाकी हा शून्य विभाग, काठापासून २ मीटर आणि उभ्या जागेपासून अडीच मीटर उंचीपर्यंत पहिला, त्यापुढे आणखी दीड मीटर दुसरा. म्हणजे काठापासून साडेतीन मीटरच्या पलीकडे डबा असला की प्रश्न मिटला. त्याच्या आत, दुसऱ्या विभागात लावायची वेळ आलीच, तर त्याच्या २३० व्होल्टच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

पण लांब लावला की दुसरी अडचण येते, आणि संचाच्या माहितीपत्रकात तिचा सहसा उल्लेख नसतो. १८ वॅटचा दिवा १२ व्होल्टला दीड अँपिअर घेतो, चार दिव्यांचे झाले सहा. डबा ३० मीटरवर असेल तर जायची-यायची मिळून ६० मीटर तार. अडीच चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरमध्ये तेवढ्यात सुमारे २.७ व्होल्ट पडतात आणि दिव्याला ९.३ उरतात. मग दिवे मिणमिणतात, रंग एकमेकांशी जुळत नाहीत, आणि दोष दिव्याला दिला जातो. सहाची वायर टाकली तर पडझड १.१ व्होल्टवर येते. त्याहून सोपं म्हणजे प्रत्येक दिव्याला डब्यापासून स्वतंत्र अडीचची जोडी: पडझड फक्त ०.७ व्होल्ट, आणि एक दिवा बिघडला तरी बाकीचे चालू. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीवरचा १४-१५ व्होल्टचा टॅप लावून ही तूट भरून काढायचा उपाय काही जण सांगतात, तो करू नका. तीन दिवे बंद असले की चौथ्याला जवळपास १४ मिळतात आणि १२ ची मर्यादाही मोडते. ट्रान्सफॉर्मर एकूण वॅटच्या दीडपट ते दुप्पट व्हीएचा (ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं माप) घ्या. चार दिव्यांना १५० व्हीए ठीक.

जंक्शन बॉक्स बहुतेक संचांत नसतो, आणि असला तर हलक्या प्लॅस्टिकचा असतो. निशमधून निघणारा पाइप पूलच्या पातळीपर्यंत पाण्याने भरलेलाच असतो, त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होतं जेव्हा पंपरूम जमिनीखाली असते आणि तोच पाइप थेट खाली नेऊन पॅनलमध्ये सोडलेला असतो. पूलचं पाणी पाइपातून पॅनलमध्ये उतरतं. पावसाळ्यात पॅनलमध्ये पाणी दिसलं की छताला दोष देतात, आणि पाणी येत असतं पूलमधून. म्हणून पाइप आधी पाण्याच्या पातळीच्या वर आणायचा, तिथे जंक्शन बॉक्स, तिथेच जोड, आणि पुढे नवा पाइप. अमेरिकन कोड बॉक्सचा तळ पाण्याच्या कमाल पातळीपेक्षा किमान ८ इंच वर ठेवायला सांगतो, ते माप इथेही धरायला हरकत नाही. जोडावर नुसती टेप नको. जेल किंवा रेझिन भरलेले कनेक्टर वापरा, नाहीतर केबलच्या सालीखालून केशाकर्षणाने पाणी चढतं.

आता संचात जे मिळतच नाही, त्याबद्दल.

आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचाच हवा. घराच्या मेनला असलेला १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा आगीपासून वाचवतो, माणसाला नाही. साधारण १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात. जमिनीवर माणूस तार सोडू शकत नाही, पाण्यात त्याला हातपाय हलवता येत नाहीत आणि तो बुडतो. अंगावर खूणही राहत नाही. पाण्यात मुंग्या आल्यासारखं वाटलं तर सगळ्यांनी बाहेर यायचं, आणि कुणी अडकला असेल तर आधी मेन पाडायचा, मगच पाण्यात हात घालायचा.

एमसीबी आहे, अर्थिंग आहे, मग आरसीसीबी कशाला, असं अजूनही विचारतात. हिशेब करा. अर्थपिटचा रोध ५ ओहम असेल (लोणावळ्याच्या कातळात एवढा मिळवायलाही खटपट करावी लागते) तर पंपाच्या बॉडीला फेज लागल्यावर जास्तीत जास्त २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर वाहतील. सी-कर्व्हचा ३२ अँपिअरचा एमसीबी ताबडतोब पडायला १६० ते ३२० अँपिअर लागतात. तो लगेच पडत नाही, आणि पंपाची बॉडी जिवंत राहते. पंपाला आणि दिव्याच्या ट्रान्सफॉर्मरला वेगवेगळे आरसीसीबी द्या. पंप व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर साधा एसी टाइपचा चालत नाही. ड्राइव्हची डीसी गळती त्याला आंधळं करते. तीन फेजच्या ड्राइव्हला बी टाइप लागतो. इन्व्हर्टरची लाइन अनेक बंगल्यांत आरसीसीबीला वळसा घालून गेलेली असते आणि पूलचे दिवे हमखास त्याच लाइनवर असतात, तेही तपासा.

आणि ट्रान्सफॉर्मरच्या आधी लावलेल्या आरसीसीबीला १२ व्होल्टच्या बाजूची गळती दिसत नाही, कारण दोन्ही बाजू एकमेकींपासून वेगळ्या आहेत. डबा निवडताना एवढा काथ्याकूट केला तो यासाठीच.

उरलं बाँडिंग, म्हणजे पूलभोवतीचा सगळा धातू एकमेकांना जोडणं. हे काँक्रीट पडायच्या आधी झालं तरच होतं. टाकीच्या सळया, शिडीच्या स्टीलच्या खोबण्या, रेलिंग, धातूची निश, पंपाची बॉडी, धातूचे पाइप हे सगळं एकमेकांना जोडून एका बारवर आणायचं. सळयांना वेल्ड केलेली जीआय पट्टी डेकच्या वर काढून ठेवायची आणि तिथून तांबं न्यायचं. मानकात पाइपाचं संरक्षण नसलेल्या वायरला किमान ४ चौरस मिमी आहे. क्लोरिन आणि खारी हवा पाहता आम्ही १० सुचवू. पूलसाठी वेगळा अर्थपिट काढला की काम झालं, हा समज घातक आहे. तो पिट घराच्या मुख्य अर्थबारला जोडला नाही तर शिडीला एक व्होल्टेज आणि पंपाला दुसरा, आणि माणूस मधे.

खरेदीपुरतं बोलायचं तर: दिवा आणि निश संचातली घ्या, त्यात पैसे वाजवी लागतात. जाळीदार एसएमपीएस येत असेल तर तो परत करून तेवढे पैसे कमी करून मागा. ट्रान्सफॉर्मर, जंक्शन बॉक्स आणि आरसीसीबी वेगळे घ्या, आरसीसीबीवर आयएस १२६४० असल्याची खात्री करा. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या, आणि बिलासोबत तीन आकडे लेखी मागा: अर्थपिटचा रोध, शिडी ते अर्थबारचा रोध (एक ओहमच्या आत हवा) आणि आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडला. ३० मिलिअँपिअरला तो ३०० च्या आत पडायलाच हवा. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. त्याने फक्त आतली यंत्रणा हलते की नाही ते कळतं, अर्थिंग नाही, म्हणून दर पावसाळ्याच्या आधी मोजमाप पुन्हा करून घ्या. ॲसिडचे कॅन मात्र आजच पंपरूममधून हलवा.