एनजेएमसीडायरेक्ट: न्यू जर्सीत तिकीट मिळाल्यावर पैसे भरण्याआधी

न्यू जर्सीत पोलिसाने गाडी थांबवून हातात तिकीट ठेवलं, की बहुतेक जण घरी येऊन एनजेएमसीडायरेक्ट उघडतात आणि दंड भरून मोकळे होतात. राज्याच्या न्यायव्यवस्थेचं हे संकेतस्थळ (पत्त्याच्या शेवटी डॉट कॉम असलं तरी अधिकृत तेच) पैसे घेण्याचं काम चोख करतं, आणि नेमकं म्हणूनच जपून वापरावं. इथे दंड भरणं म्हणजे आरोप कबूल करणं आणि सुनावणीचा हक्क सोडणं. तशी सूचना तिथे असते, पण कार्डाचा नंबर टाकायच्या घाईत ती वाचतो कोण!

आधी वापराबद्दल. तिकिटावरून चार गोष्टी लागतात: चार आकडी कोर्ट कोड, तिकिटाचा प्रीफिक्स (नंबरच्या आधी छापलेला छोटा भाग), तिकीट नंबर आणि गाडीचा प्लेट नंबर. कोर्ट कोडचे पहिले दोन आकडे काउंटीचे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाचे असतात. हडसनचे ०९, मिडलसेक्सचे १२. त्यामुळे जर्सी सिटीचं तिकीट १२ ने सुरू होत असेल तर कुठेतरी वाचण्यात चूक आहे. सगळ्यात जास्त गोंधळ प्रीफिक्सचा. तो तिकीट नंबरला जोडून टाकला किंवा शून्याऐवजी ओ टाकला, की 'सापडत नाही' असं उत्तर येतं. तिकीट ताजं असेल तर पोलिसांकडून नोंद चढायलाही थोडा वेळ लागतो. दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहावं. नोंद दिसत नाही म्हणजे तिकीट रद्द झालं, असं धरून बसू नये.

तिकिटावर 'कोर्टात हजर राहणं आवश्यक' या चौकटीत खूण असेल तर हे संकेतस्थळ पैसे घेणारच नाही. थांबलेल्या स्कूल बसला ओलांडणं किंवा विनाविमा गाडी चालवणं अशी प्रकरणं त्यात येतात. शॉपलिफ्टिंगसारख्या तक्रारीही म्युनिसिपल कोर्टातच चालतात, पण त्यांची जातकुळी वेगळी. तिथे तुरुंगवासापर्यंत शिक्षा होऊ शकते आणि व्हिसा-ग्रीन कार्डवर परिणाम होऊ शकतो. त्या वेळी संकेतस्थळ मिटून आधी इमिग्रेशनचा वकील गाठावा.

आता पॉइंट्स, म्हणजे प्रत्येक चुकीगणिक लायसन्सच्या नोंदीवर चढणारे दंडाचे गुण. पैसे भरण्याच्या पानावर डॉलर ठळक दिसतात, खरा खर्च मात्र पॉइंट्सचा असतो. वेगमर्यादेपेक्षा १ ते १४ मैल जास्त असेल तर २ पॉइंट, १५ ते २९ ला ४, त्यापुढे ५. केअरलेस ड्रायव्हिंगचे २, स्कूल बसचे ५. तीन वर्षांत ६ पॉइंट झाले की मोटर व्हेइकल कमिशन (लायसन्स देणारं राज्याचं खातं, आपल्या आरटीओसारखं) १५० डॉलरचा सरचार्ज, म्हणजे दंडाशिवायची जादा आकारणी, लावतं, सहाच्या वरच्या प्रत्येक पॉइंटला आणखी २५, आणि गेल्या तीन वर्षांतले पॉइंट सहा किंवा जास्त असेपर्यंत हे दरवर्षी. १२ झाले की लायसन्स निलंबित होऊ शकतं. एक वर्ष विनातिकीट गेलं की ३ पॉइंट उतरतात. डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स केला तर २ उतरतात, पण तो फायदा पाच वर्षांतून एकदाच, वर इन्शुरन्समध्ये सवलत. पेनसिल्व्हेनियात वेगाचं तिकीट मिळालं तरी न्यू जर्सीच्या लायसन्सवर २ पॉइंट चढतात.

पैसे न भरता दुसरा रस्ता म्हणजे 'नॉट गिल्टी', म्हणजे आरोप मान्य नाही, असं सांगणं. हे कोर्टाला ठरलेल्या तारखेआधी कळवायचं असतं, मुदत तिकिटावर छापलेली असते. त्यासाठी आरोप शंभर टक्के खोटा असावा लागत नाही. सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, ज्युरी नाही, निर्णय न्यायाधीशांचा. मग प्रॉसिक्युटरकडे (सरकारी वकिलाकडे) लेखी 'डिस्कव्हरी', म्हणजे त्यांच्याकडचा पुरावा मागायचा: अधिकाऱ्याच्या नोंदी, व्हिडिओ असल्यास तो, वेगाचं प्रकरण असेल तर रडारच्या कॅलिब्रेशनची (अचूकता तपासल्याची) प्रमाणपत्रं आणि ते यंत्र चालवण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला. तोंडी मागणीला किंमत नाही. न्यू जर्सीत रेड-लाइट कॅमेऱ्यांचा प्रयोग २०१४ च्या अखेरीस संपला आणि वेगाच्या कॅमेऱ्यांची तिकिटंही नाहीत. त्यामुळे चालत्या गाडीच्या तिकिटामागे जवळपास नेहमी एक अधिकारी असतो, ज्याला उलट प्रश्न विचारता येतात.

प्रत्यक्षात बरीच प्रकरणं प्रॉसिक्युटरशी तडजोडीत संपतात आणि तिथे सर्रास समोर येतो तो मूळ आरोपाऐवजी 'अनसेफ ड्रायव्हिंग' कबूल करण्याचा पर्याय. पहिल्या दोन वेळा पॉइंट शून्य. पण पहिल्या वेळी ५० ते १५० डॉलर दंड आणि त्यावर सक्तीचे २५० डॉलर सरचार्ज, शिवाय कोर्ट खर्च. पाच वर्षांत तिसऱ्यांदा घेतला तर ४ पॉइंट. दोन पॉइंटचं साधं तिकीट असेल, रेकॉर्ड कोरं असेल आणि कोर्स करायची तयारी असेल, तर हा सौदा महाग पडू शकतो. चार-पाच पॉइंटच्या तिकिटाला मात्र तो बहुधा फायद्याचा. दोन्ही पर्यायांत इन्शुरन्सचा हप्ता किती होईल ते एजंटला विचारून मगच होकार द्यावा. लायसन्स किंवा इन्शुरन्स कार्ड जवळ नव्हतं एवढाच मुद्दा असेल, तर त्या तारखेला वैध असलेला कागद दाखवल्यावर न्यायाधीश फक्त कोर्ट खर्च घेऊन प्रकरण काढून टाकू शकतात.

ठरावीक प्रकारच्या तिकिटांसाठी न्यायव्यवस्थेने ऑनलाइन तडजोडीची सोयही दिली आहे. कागद अपलोड करायचे, म्हणणं मांडायचं, प्रॉसिक्युटर प्रस्ताव देतो. रजा वाचते. उणीव अशी, की एनजेएमसीडायरेक्टवर पैसे भरण्याचा रस्ता डोळ्यांत भरतो, हा शोधावा लागतो. संकेतस्थळाला नाव ठेवायचं तर इथेच.

महाराष्ट्रातून येताना एक सवय सोबत येते: ई-चलान साठू द्यायची आणि लोक अदालतीत सवलतीत मिटवायची. इथे ती चालत नाही. तारीख चुकली की नोटीस, मग लायसन्स निलंबन, मग वॉरंट. रक्कम एकदम झेपत नसेल तर न्यायाधीशांकडे हप्ते मागता येतात. दुभाषा हवा असेल तर कोर्ट स्वखर्चाने देतं, मराठीसुद्धा, फक्त आधी सांगावं लागतं. तुरुंग किंवा निलंबनाची शक्यता असेल आणि वकील परवडत नसेल तर पब्लिक डिफेंडरसाठी (कोर्टाने नेमून दिलेल्या वकिलासाठी) अर्ज करावा. त्याचं शुल्क २०० डॉलरपर्यंत असतं आणि परिस्थिती पाहून माफ होऊ शकतं.

'तिकीट थकलं, लगेच भरा' असा मजकूर लिंकसकट मोबाइलवर आला तर तो बनावट समजा. पत्ता स्वतः टाइप करा आणि तिकीट नंबरने तपासा.

निकाल विरोधात गेला तर २० दिवसांत काउंटीच्या सुपीरियर कोर्टात अपील करता येतं, पण तिथे नवे साक्षीदार येत नाहीत, खालच्या कोर्टातल्या रेकॉर्डिंगवरच पुन्हा निर्णय होतो. म्हणून पहिल्याच सुनावणीत जे मांडायचं ते मांडून घ्यावं. भरलेल्या पैशांची पावती आणि निकालाचा कागद जपून ठेवावा. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात अशा तिकिटांबद्दल प्रश्न असतो आणि तो अर्ज कधीकधी दहा वर्षांनी भरला जातो.