७५ टक्के हजेरीची सक्ती की तासातच मिळणारे गुण?

विद्यार्थी वर्गात यावेत म्हणून मुंबई विद्यापीठाने ७५ टक्के उपस्थिती बंधनकारक केली असली, तरी अशा नियमाने बाक भरतात, तोंडे उघडत नाहीत. शिवाय सत्राअखेरीस हजेरी कमी पडलेल्यांची ‘डिफॉल्टर’ यादी लागली की वैद्यकीय दाखल्यांचा सुकाळ होतो. याउलट, अंतर्गत मूल्यमापनातील काही गुण तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत चिठ्ठीवर लिहून घेतलेल्या एका उत्तरासाठी राखले आणि पुढच्या तासाची सुरुवात त्यांतल्याच एखाद्या चुकलेल्या उत्तराने, नाव न घेता, केली, तर मागच्या बाकावरचा अबोल विद्यार्थीही चर्चेत ओढला जातो. शंभराच्या वर्गात एवढ्या चिठ्ठ्या तपासणे प्राध्यापकांना जड जाते, हे खरे. तरीही मी चिठ्ठ्यांनाच पसंती देईन आणि हजेरीची सक्ती, नोकरी करून शिकणाऱ्यांना सवलत ठेवून, केवळ किमान अट म्हणून राहू देईन.