थेफ्ट, रॉबरी, बर्गलरी की नुसतंच ‘हरवलं’: तक्रारीत आणि विम्याच्या फॉर्मवर काय लिहाल?

वस्तू गेली की मुंबईत दोन कागद मागे लागतात. पोलीस ठाण्यातली फिर्याद मराठीत लिहिली जाते आणि विम्याचा फॉर्म येतो इंग्रजीत. त्यावर लॉस, थेफ्ट, रॉबरी, बर्गलरी असे पर्याय असतात. आधीच हादरलेला माणूस त्यातला ओळखीचा वाटेल त्यावर टिक करून मोकळा होतो. विमा दाव्यांचे कागद तपासणं हे माझं रोजचं काम आहे, आणि अगदी खरे दावे या एका टिकपायी अडलेले मी पाहत आलेय. याचा मला मनापासून त्रास होतो, म्हणून हे शब्द शेजारी शेजारी ठेवतेय.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. लोक अजून ३७९ (चोरी) आणि ४२० (फसवणूक) बोलतात, पण त्या तारखेपासून घडलेल्या गुन्ह्यांच्या एफआयआरवर ते आकडे दिसणार नाहीत. खालची कलमं नव्या संहितेतली आहेत.

हरवलं की चोरीला गेलं?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. गहाळ झाल्याची नोंद मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर घरबसल्या करता येते. नवं सिम घ्यायला किंवा लायसन्सची दुय्यम प्रत काढायला ती पुरते. पण त्यात गुन्हा घडल्याचं कुठेच म्हटलेलं नसतं, त्यामुळे तपासही नसतो. चोरीचा एफआयआर म्हणजे कलम ३०३, गुन्हा क्रमांक आणि तपास अधिकारी. फोनच्या बहुतेक विमा पॉलिसींत हरवलेला फोन वगळलेला असतो आणि चोरीसाठी एफआयआर मागतात.

माझ्याकडे आलेला एक दावा सांगते. संध्याकाळच्या गर्दीत डोंबिवलीकडे निघालेली एक बाई लोकलच्या दाराशी उभी होती. गाडी फलाट सोडत असताना खालून एक हात आला आणि मुठीतला फोन ओढून घेऊन गेला. तळहातावर नखांचा लांब ओरखडा होता, त्याचा फोटोसुद्धा तिने काढून ठेवला होता. ठाण्यात ती एवढंच बोलली, ‘साहेब, मोबाईल गेला.’ कागदावर आलं, ‘प्रवासात गहाळ झाला.’ घरी जायची घाई, तिने न वाचता सही केली. नंतर नव्याने अर्ज देऊन तिने गुन्हा नोंदवून घेतला, पण विमा कंपनीने पहिल्या कागदावर बोट ठेवलं. दोन कागद वेगळे का, हे पटवण्यातच महिने गेले.

म्हणून फोन कुणी काढून घेतला हे तुम्हाला ठाऊक असेल, तर ‘गेला’ म्हणू नका. ‘हातातून ओढून नेला’ म्हणा, आणि सहीआधी जबाब वाचून दाखवायला सांगा. रिक्षात विसरला की कुणी काढला हे खरंच माहीत नसेल, तर गहाळ नोंदच प्रामाणिक आहे. ती करा आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, ब्लॉक करून टाका.

फोनचं बिलही सोबत न्या. ५,००० रुपयांच्या आतली चोरी, आरोपीचा पहिलाच गुन्हा आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली, अशा वेळी ३०३ मध्ये समाजसेवेची शिक्षा आहे. ही तरतूद अदखलपात्र असल्याने स्वस्त फोनच्या तक्रारी एनसीवर, म्हणजे एफआयआरऐवजी नुसत्या अदखलपात्र नोंदीवर, भागवल्या जाण्याची शक्यता असते. बिलावर किंमत दिसली की तो वाद मिटतो.

थेफ्ट, स्नॅचिंग, रॉबरी

तिन्हींत वस्तू तुमच्या मर्जीविरुद्ध जाते. फरक आहे तो तुमच्या अंगाला काय झालं याचा.

पाकीटमाराने खिसा कापला आणि तुम्हाला दादरला उतरल्यावर कळलं, तर ती चोरी, म्हणजे थेफ्ट. साधी चोरी असेल तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. मात्र प्रवासी वाहनातून किंवा राहत्या घरातून झालेल्या चोरीला वेगळं कलम आहे, ३०५, आणि तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. लोकल हे प्रवासी वाहनच आहे. जबाबात ‘धावत्या लोकलमध्ये’ हे शब्द आलेच पाहिजेत.

स्नॅचिंगसाठी ३०४ हे स्वतंत्र कलम नव्याने आलं. अचानक, झटक्यात किंवा जोर लावून हिसकावणं म्हणजे स्नॅचिंग. मोटारसायकलवरून येऊन सोनसाखळी खेचणारे यातच येतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड.

रॉबरी म्हणजे आपल्या पोलिसी भाषेतली जबरी चोरी, कलम ३०९. चोरी करताना किंवा माल घेऊन पळताना इजा केली, अडवून धरलं किंवा तिथल्या तिथे मारण्याची भीती घातली, की ती रॉबरी होते. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, आणि महामार्गावर सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान घडली तर चौदा. मंगळसूत्र खेचताना मानेवर वळ उठला, धरलेला हात पिरगळला, चाकू दाखवला, तर नुसत्या स्नॅचिंगवर समाधान मानू नका. फटका गँगचंही तेच. रुळाजवळ उभं राहून दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठी मारायची आणि खाली पडलेला फोन उचलायचा, यात इजा करूनच माल मिळवलेला असतो. अशा माराने माणसं गाडीतून पडलीत, जिवाला आणि पायाला मुकलीत. त्याला ‘मोबाईल चोरी’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. हात सुजला असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात दाखवा आणि तो कागद फिर्यादीला जोडायला सांगा.

आरोपी पाच किंवा जास्त असतील तर जबरी चोरीचा दरोडा होतो, कलम ३१०. इंग्रजी फॉर्मवर डकॉयटी हा शब्द नसला तर रॉबरी टिक करा, चालतं.

बर्गलरी: घराचा आणि दुकानाचा विमा असलेल्यांनी हे नीट वाचा

‘घरात चोरी झाली’ म्हणजे बर्गलरी असं आपण धरून चालतो. पॉलिसी तसं धरत नाही. बर्गलरी कव्हरमध्ये साधारणपणे जोर वापरून केलेला प्रवेश किंवा तसंच बाहेर पडणं ही अट असते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरचंद राय चंदन लाल प्रकरणात हेच धरलं: पॉलिसीत बर्गलरीची व्याख्या बळाच्या वापराशी जोडलेली असेल, तर बळाविना झालेली चोरी तिच्यात बसत नाही, मग फौजदारी कायदा काहीही म्हणो.

म्हणजे लालबागच्या दुकानाचं शटर उचकटलं, तर बर्गलरी. कामावरच्या पोऱ्याने गल्ल्यातून रोकड नेली, तर ती नोकराने केलेली चोरी, कलम ३०६. त्यासाठी पॉलिसीत वेगळं कव्हर लागतं. डुप्लिकेट किल्लीने दार उघडून दागिने नेले, तर थेफ्ट, आणि पॉलिसीत चोरीचं वाढीव कव्हर घेतलेलं नसेल तर हाती काही लागत नाही. नूतनीकरणाच्या वेळी एजंटला हे एक विचाराच.

दार फोडलेलं असेल तर सगळा खेळ पंचनाम्याचा आहे. आपली पहिली ऊर्मी घर आवरायची असते, आणि तिथेच दावा बुडतो. पोलीस येईपर्यंत कशालाही हात लावू नका. पंचनाम्यात ‘कडीकोयंडा उचकटून’, ‘खिडकीचं ग्रिल कापून’ असं स्पष्ट आलं पाहिजे. उपटलेले स्क्रू, वाकलेला कोयंडा, चौकटीवर पहारेचा व्रण, या सगळ्याचे जवळून फोटो घ्या. ‘अज्ञात इसमाने प्रवेश करून’ एवढंच लिहिलं गेलं, तर विम्याच्या सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाला, नकाराची पळवाट मिळते.

लूटमार, म्हणजे लूटिंग, हा शब्द घराच्या विम्यात सहसा वेगळ्या वाटेने येतो. १ एप्रिल २०२१ पासूनच्या भारत गृह रक्षा या प्रमाणित पॉलिसीत आग, पूर किंवा दंगल यांसारख्या विमित घटनेमुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरी धरली जाते. पुरात घर सोडून नातेवाइकांकडे गेलात आणि मागे सामान नेलं गेलं, तर मूळ घटना म्हणून पूरच लिहा.

स्वतःच्या हाताने दिलं, तर?

इथे दोन गोष्टी बघायच्या: भीतीने दिलं की विश्वासाने?

भीतीने दिलं तर एक्स्टॉर्शन, खंडणी, कलम ३०८, सात वर्षांपर्यंत. चाकू समोर धरून त्याच क्षणी काढून घेतलं तर तीच रॉबरी होते. ‘आठवड्यात पैसे पोहोचव, नाहीतर बघ’ असा फोन आला तर खंडणी; त्यासाठी मुंबई गुन्हे शाखेचं खंडणीविरोधी पथक आहे. ‘डिजिटल अरेस्ट’च्या फोनमध्ये, म्हणजे तोतया पोलीस अटकेची धमकी देऊन पैसे उकळतात तिथे, भीती आणि बनाव दोन्ही असतात. तिथे शब्द शोधत बसू नका, आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन फिरवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच परत येण्याची आशा असते.

विश्वासाने दिलं तर फसवणूक, कलम ३१८, किंवा विश्वासघात, कलम ३१६. घेताना सुरुवातीपासूनच बुडवायचा हेतू होता तर फसवणूक. सोनाराला दुरुस्तीला दिलेल्या बांगड्या त्याने नंतर परस्पर विकल्या तर विश्वासघात. अर्जात दोन्ही कलमं ठोकून द्यायची आपल्याकडे सवय आहे, पण ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की एकाच घटनेत हे दोन गुन्हे एकत्र नांदू शकत नाहीत. तारीखवार काय घडलं ते लिहा आणि एकच बाजू धरा. दोन्ही लिहिलेला अर्ज ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून परत करणं सोपं जातं.

कुठे जायचं?

लोकलमध्ये किंवा फलाटावर घडलं तर लोहमार्ग पोलीस, स्टेशनबाहेर घडलं तर शहर पोलीस. हद्दीवरून परतवलं तर शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द कुणाचीही असली तरी तिथेच, गुन्हा नोंदवायला सांगा; भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तो तुमचा हक्क आहे, आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. तरीही घेतलं नाही तर तोच मजकूर लेखी स्वरूपात पोलीस उपायुक्तांकडे, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे नेता येतो.

दावा पास व्हावा म्हणून चोरीची रॉबरी करून लिहू नका. फलाटावरचा कॅमेरा वेगळं दाखवतो आणि मग खरं नुकसानही बुडतं, शिवाय खोटी माहिती दिल्याचा ठपका येतो. एफआयआर हातात आल्यावर त्यावरचं कलम बघा, आणि इंग्रजी फॉर्मवर त्याच्याशी जुळणाऱ्या शब्दावर टिक करा. कलमच चुकीचं लागलेलं दिसलं तर आधी पोलिसांकडे पुरवणी (जादा) जबाब द्या आणि फॉर्म त्यानंतर भरा. कंपनीला मात्र नुकसानीची खबर ईमेलने त्याच दिवशी देऊन ठेवा.