खळ्यातली गोल्फची जाळी आणि मॅट : नऊ महिन्यांनंतर

पुण्यात होतो तेव्हा दर शनिवारी ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे गोल्फचे फटके सरावायच्या मैदानावर, शंभर चेंडू मारून यायचो. मग घरून काम मिळालं, गुहागरला परत आलो आणि रेंज सुटली. म्हणून ऑक्टोबरात तीन मीटरची जाळी आणि मॅट मागवली, खळ्यात लावली. आईने बजावलं, पोफळीला एक चेंडू लागला तरी जाळी विहिरीत.

जाळी तीन महिने बरी चालली. मग जिथे रोज चेंडू बसतो तिथेच मधोमध उसवली. विक्रेत्याला फोटो पाठवले तर 'वापरातली झीज' म्हणून मोकळा. शेवटी असगोलीच्या एका काकांनी मासेमारीच्या जुन्या जाळ्याचा तुकडा दुहेरी करून शिवून दिला. आधी त्यांनी चेंडू आसाला, म्हणजे जाळ्याच्या भोकाला, लावून पाहिला. चेंडूचा व्यास कमीत कमी 42.67 मिलिमीटर, आस त्याच्या निम्माही नव्हता. "ह्यो मासा काय सुटायचा नाय," म्हणाले. आता विकतची जाळी कडेने विरतेय, काकांचा तुकडा शाबूत आहे.

मॅटबद्दल मात्र तक्रार आहे. मॅट खोटं बोलते. आयर्नचा, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याच्या क्लबचा (काठीचा), फटका आधी चेंडूला आणि मग जमिनीला लागायला हवा. माझा क्लब दोन बोटं मागेच टेकायचा, पण मॅटवरून घसरून चेंडूपर्यंत पोचायचा आणि आवाज असा खणखणीत की मीच खूश. गवतावर तोच फटका ढेकूळ उडवून पाचपन्नास पावलांवर बसला असता.

हे कळलं वाळूवर. ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट वाळू बघायची, सेव्हन आयर्नने आडवी रेघ मारायची, रेघ दोन्ही पायांच्या मध्ये धरून नुसताच स्विंग करायचा. चेंडू लागतच नाही. ओरखडा रेघेच्या पुढे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला, सुरू झाला पाहिजे. पहिल्या दिवशी माझे वीसपैकी सतरा मागे. वजन उजव्या पायावरच राहत होतं. डाव्या पायावर यायला दीड महिना लागला. घरी येऊन क्लब गोड्या पाण्याने धुवायचा, पुसायचा. एकदा आळस केला तर वेजवर (जवळच्या फटक्यांच्या क्लबवर) तांबेरा चढला.

स्लाइससाठी, म्हणजे उजवीकडे वळत जाणाऱ्या फटक्यासाठी, जाळीचा उपयोग झाला. चेंडू कोणत्या दिशेने निघतो ते मुख्यतः क्लबचा फेस (चेंडूला लागणारी बाजू) ठरवतो, म्हणून जाळीच्या मध्यावर लाल सुतळी बांधली. चेंडू सुतळीच्या उजवीकडे बसला की फेस उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहिला. फेसवर टाल्कम पावडर चोपडली की चेंडू कुठे लागला तेही उमटतं. माझा टोकाकडे लागायचा. पुढे चेंडू किती वळतो, हे मात्र जाळी सांगत नाही.

आगोटीला मॅट माळ्यावर टाका. मी विसरलो, आठवड्यात शेवाळ धरलं.

मे महिन्यात पुण्याला रेंजवर जाऊन आलो. आयर्न सरळ जातात. ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, अजून उजवीकडेच पळतो. तो टीवरून, म्हणजे चेंडू छोट्या खुंटीवर उचलून ठेवून, मारायचा, त्याला वाळूतली रेघ लागू नाही.