गाडीच्या रंगाचे तयार मटेरिअल: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

एका छोट्या रेसिंग गेमसाठी मी गाडीच्या रंगाचे तयार मटेरिअल (पृष्ठभागावर प्रकाश कसा दिसावा हे ठरवणारी गणिते आणि आकडे) विकत घेतले, त्याला आता सात महिने झाले. पहिल्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर निव्वळ कौतुक लिहिले असते, कारण सोबत मिळालेल्या स्टुडिओच्या दृश्यात लाल गाडी नुकतीच पॉलिश केल्यासारखी दिसत होती. तीच गाडी माझ्या ट्रॅकवर उतरवली आणि तिचे प्लास्टिकचे खेळणे झाले.

साहजिकच मी मटेरिअलला दोष दिला, आणि तो बराचसा चुकीचा होता. क्लिअर कोटचे त्यातले गणित चोख आहे. खाली रंग आणि धातूचे कण, वर पारदर्शक थर. या थराचा अपवर्तनांक सुमारे १.५ धरलेला असल्यामुळे समोरून पाहताना जेमतेम ४ टक्के प्रकाश परत येतो, पण नजर पृष्ठभागाला समांतर होऊ लागली की हे प्रमाण झपाट्याने वाढते आणि बॉनेटची दूरची कड जवळजवळ आरसा होते. बिघाड होता तो माझ्या क्यूबमॅपमध्ये, म्हणजे गाडीत प्रतिबिंब दाखवण्यासाठी भोवतालच्या सहा दिशांच्या चित्रांच्या संचात. तो ८ बिटांचा असल्याने सूर्य आणि चुन्याची भिंत या दोहोंची तेजस्विता १ वरच, म्हणजे त्यात मावणाऱ्या कमाल मूल्यावरच, छाटली जात होती, आणि १ चे ४ टक्के म्हणजे काळ्या दारावर उमटलेला एक मळकट करडा डाग. तोच क्यूबमॅप १६ बिटांच्या फ्लोटमध्ये (१ पेक्षा मोठे आकडेही मावणाऱ्या स्वरूपात) साठवल्यावर सूर्य भिंतीपेक्षा कित्येक पटींनी प्रखर राहिला, आणि त्याचे ४ टक्केही डोळे दिपवू लागले. मटेरिअलचा एकही आकडा मी बदललेला नव्हता.

पुढची अडचण वेगाची. क्यूबमॅपच्या सहा बाजूंपैकी दर फ्रेमला एकच बाजू नव्याने काढायची, ही काटकसर मटेरिअलसोबतच्या सूचनांतच सुचवलेली आहे. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर पूर्ण फेरीला ०.१ सेकंद लागतो, आणि ताशी २१६ किलोमीटरने धावणारी गाडी तेवढ्यात ६ मीटर पुढे गेलेली असते. मोकळ्या रस्त्यावर हे कळत नाही. बोगद्याच्या तोंडाशी मात्र टपावर उजेड आलेला आणि दारात अजून दिवे सरकत असलेले, असे दृश्य मला स्पष्ट दिसले. शेवटी बोगद्याजवळ दर फ्रेमला दोन बाजू काढतो आणि त्याची किंमत सावल्यांच्या दर्जातून वळती करतो.

पडद्यावरच्या चित्रातूनच प्रतिबिंब उचलण्याची पद्धतही जोडून पाहिली. ओल्या रस्त्यासाठी ती उत्तम, पण कॅमेरा गाडीच्या मागे असताना डिकीत जे दिसायला हवे ते कॅमेऱ्याच्याही मागे असते, म्हणजे पडद्यावर नसतेच. त्यामुळे गाडीसाठी ती मी बंद केली. रे-ट्रेसिंगने, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग गणिताने शोधून, हा प्रश्न सुटतो, पण त्याचे ओझे मोठे असते. २०२२ मध्ये आलेल्या ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ मध्येही सुरुवातीला ते रिप्ले आणि गॅरेजसारख्या दृश्यांपुरतेच होते, प्रत्यक्ष शर्यतीत नव्हते, हे आठवले की आमच्यासारख्यांना जरा धीर येतो.

आता खरी तक्रार. धातूचे कण जवळून सुंदर दिसतात, पण गाडी लांब गेली की एका पिक्सेलमध्ये शेकडो कण येतात आणि सगळी गाडी मुंग्या चढल्यासारखी लुकलुकू लागते. मिपमॅपमध्ये (लांबून पाहण्यासाठी केलेल्या चित्राच्या लहान प्रतींमध्ये) कणांच्या दिशांची सरासरी निघताना जे वैविध्य हरवते ते खडबडीतपणाच्या आकड्यात भरून काढायला हवे होते. निर्मात्यांनी ते केलेले नाही. शिवाय संत्र्याच्या सालीसारखा सूक्ष्म लहरीपणा फक्त वरच्या थराला हवा, तर येथे एकच नॉर्मल मॅप (पृष्ठभागाचे बारीक उंचसखलपण सांगणारे चित्र) दोन्ही थरांना लावला आहे. हा दुसरा दोष मी अर्ध्या दिवसात दुरुस्त केला. पहिल्याबद्दल लिहिले तेव्हा ‘कणांची तीव्रता कमी करून पाहा’ असे एका ओळीचे उत्तर आले. सध्या दहा मीटरपलीकडे ती शून्य ठेवली आहे, आणि तिथे माझी मेटॅलिक गाडी साध्या रंगाची होते.